मामांच्या हरकती

सरकारनं जनतेला काही विचारलं आणि आमच्या मामेसासऱ्यांनी त्याला उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या उभ्या हयातीत एकदाही घडलेलं नाही. तहसिलीच्या फळ्यावर नाहीतर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'तीस दिवसांच्या आत हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असं छापून येतं, आणि बाकीचं जग त्याच कागदात भजी बांधून नेतं. मामांना मात्र ते खास आपल्या नावावर आलेलं पत्र वाटायचं. ते घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचे आणि मुदत संपायच्या आत त्याला उत्तर गेलंच पाहिजे म्हणून अस्वस्थ व्हायचे. हे उत्तर टाइप कोण करणार, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता, आणि तो त्यांनी माझं लग्न लावून सोडवला.

मी लोह्याची. नांदेडला आत्याकडं राहून मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. मला बघायला उदगीरकडून पाहुणे आले, तेव्हा बैठकीत नेहमीचे प्रश्न चालले होते. मुलाचे मामा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, गळ्यात लिंग, तोवर गप्प बसून होते. ते एकदम पुढे सरकले आणि म्हणाले, "स्पीड किती हाय?" माझ्या आईला वाटलं, भाकरीचा विचारतायत. तिनं आतूनच सांगितलं, तासाला तीसेक तरी होतात. मामांनी समाधानानं मान हलवली. तीस पुरे, पुढं वाढंल, म्हणाले. लग्न ठरलं. त्यात भाकरीचा वाटा किती आणि टाइपरायटरचा किती, हे मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. त्या दिवशी मामा एक जुनापुराणा टाइपरायटर खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि मी हातातली परात तशीच धरून पाहत राहिले.

त्यांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, चऱ्हाटं, सुतळीचे गुंडे. पहाटे अंघोळ, मग लिंगपूजा, आणि त्यानंतर दुकान उघडायच्या आधी तहसिलीचा फळा. नोटीस चिकटवणारा शिपाई सांगायचा की खळ ओली असतानाच वाचणारा हा एकटाच माणूस आहे. सिनेमाच्या परवान्यावर, मोकाट कुत्र्यांच्या नियमावर, मोटार स्टँडच्या जागेवर, नव्या वजनमापांवर, प्रत्येकावर त्यांचं म्हणणं असायचं. पहिल्या महिन्यात त्यांनी मला एक कागद टाइप करायला दिला, त्यात एवढंच होतं: 'सदर नियमास माझी कोणतीही हरकत नाही.' मला वाटलं, मजकूर राहून गेला. विचारलं, तर तेच चकित झाले. म्हणाले, "त्यांनी इचारलंय सूनबाई. माणसानं इचारलं तर हाव का न्हाई ते सांगाया पाह्यजे. गप बसलं तर समोरचा काय समजंल?"

विचारणाऱ्याला ताटकळत ठेवणं त्यांच्या लेखी असभ्यपणा होता, मग तो सरकार असो की एसटीचा कंडक्टर. कंडक्टरनं गर्दीत सवयीनं आवाज दिला की कुणाचं तिकीट राहिलंय का, तर सगळी गाडी खिडकीबाहेर बघायची आणि मामा मागच्या बाकावरून नम्रपणे कळवायचे की माझं झालंय. एकदा एका पुढाऱ्यानं भर सभेत, तुम्हाला पाणी पाहिजे की नको, असं ओरडून विचारलं. लोक टाळ्यांच्या तयारीत होते. मामा उभे राहिले आणि पाहिजे, पण कुठल्या बाजूनं आणलं तर बरं पडेल, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. पुढाऱ्याचा चेहरा मी पाहिला नाही, माझ्या नवऱ्यानं पाहिला. त्यानंतर तो मामांबरोबर सभेला गेला नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, त्यावरही मामांनी लेखी सूचना पाठवली. भर दुपारचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, म्हाताऱ्या माणसांना त्रास, सबब हरकत. मुलीचे वडील दोन महिने बोलले नाहीत. पण लग्न संध्याकाळी लागलं.

मग तो दुष्काळ आला, आणि त्याच सुमाराला आमचा नवा जिल्हा झाला. ज्या दिवशी जिल्हा झाल्याचे पेढे वाटले, त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या आडात बादली खणकन् वाजून कोरडीच वर आली होती. विहिरी खोल जात होत्या, तसा लोकांना दोर लांब लागायला लागला आणि मामांच्या दुकानाला कधी नव्हती अशी गर्दी झाली. याची त्यांना लाज वाटायची. ते प्रत्येकाला हात-दोन हात दोर जास्तच मोजून द्यायचे. नंतर तेवढाही दोर पुरेना, मग दोराला गिऱ्हाईकच उरलं नाही. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले.

अशात फळ्यावर एक नोटीस लागली. नव्या जिल्ह्यात तालुके नव्यानं आखायचे होते आणि आमच्या तालुक्यातली नदीकाठची सात गावं तोडून पलीकडच्या तालुक्याला जोडायचा विचार होता. म्हणजे रेशनकार्ड तिकडं, जमिनीचे कागद तिकडं, कोर्टाच्या तारखा तिकडं. पलीकडं जायला दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि दुसरी गाडी येईलच असं नव्हतं. नोटीस फळ्यावर लागली तेव्हाच तिची मुदत निम्मी उलटून गेली होती. ज्यांची गावं जाणार होती ते सगळे कामावर, फळा बघायला कोण येणार?

मामांनी आधी त्या गावांची वाट पाहिली. चार दिवस कुणीच फळ्याकडं आलं नाही, तेव्हा ते एका सकाळी कोट घालून मला म्हणाले, चल. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, ज्यांना इचारलंय त्यांच्याकडं.

खडीच्या कामावर आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बायका बाभळीच्या सावलीला भाकरी सोडून बसल्या होत्या. मामांनी उन्हात उभं राहून ती नोटीस पहिल्यापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली. बायका भाकरीकडंच बघत राहिल्या. मुकादमानं आधीच पसरवून ठेवलं होतं की जो हरकत घेईल त्याचं नाव हजेरीतून कटणार. शेवटी एक बाई उठून आमच्याजवळ आली. सरूबाई तिचं नाव. नवरा वारल्यावर दिरांनी हिचं नाव जमिनीवर लागूच दिलं नव्हतं, आणि हिनं कोर्टात दावा लावला होता. तारखेला ती सात मैल पायी आमच्या गावच्या कोर्टात यायची. तिनं मामांना हळूच विचारलं, "सरकार इचारून राह्यलंय? आमाला?"

मामा हाव म्हणाले. आपल्याला कुणी काही विचारावं, याचाच तिला एवढा धक्का बसला होता की हरकत काय घ्यायची हे तिला सुचेना. मग तिनं अंगठा पुढं केला, आणि तिच्यामागं इतर बायका उठल्या.

मला वाटलं, एक मजकूर करू, खाली सगळ्यांचे अंगठे घेऊ. मामांनी ते साफ नाकारलं. एकाच मजकुराचे शंभर कागद म्हणजे सरकारच्या लेखी एकच माणूस, असं त्यांचं मत. प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगायचं, मी तसंच लिहून आणायचं आणि तसंच टाइप करायचं. एकीनं सांगितलं, तिकडच्या तालुक्याच्या गावाची वाट मला ठाऊक नाही. एक म्हणाली, इथल्या तालुक्याच्या गावात माझं माहेर आहे, कोर्टातून उशीर झाला तर भावाकडं भाकरी मिळते, तिकडं मला कोण जेवू घालणार? एका म्हातारीची हरकत फक्त एवढीच होती की आयुष्यात तिचं गाव दोनदा बदललं, एकदा लग्नात आणि एकदा धरणात, आता तिसऱ्यांदा नको. मी तीन दिवस टाइपरायटरपुढून उठले नाही. घरात भाकरी नवऱ्यानं भाजल्या. मामांनी सगळे कागद एकत्र करून सुतळीनं बांधले आणि मुदतीच्या दोन दिवस आधी रजिस्टर टपालानं रवाना केले.

सुनावणी नव्या जिल्ह्याच्या कचेरीत होती. मामा, मी, सरूबाई आणि तिच्यासोबतच्या दोघी, असे पाच जण एसटीनं गेलो. कचेरीच्या दारावर रंगारी शिडीवर चढून पाटी रंगवत होता. जिल्ह्याच्या नावाची निम्मी अक्षरं झाली होती. आत चाळीसेक खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर आम्ही पाच. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी कारकुनाला वाचायला सांगितलं. कारकुनानं सात गावांची नावं वाचली आणि पुढं वाचलं, "प्राप्त हरकती, निरंक."

निरंक म्हणजे एकही नाही, हे मला माहीत होतं. सरूबाईला नव्हता. तिनं मला विचारलं, काय म्हणाले?

मामा उठले. त्यांनी टपालाची पावती टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी ती पाहिली, कारकुनाकडं पाहिलं. कारकून गडबडला. जुन्या जिल्ह्यातून आलेलं आणि नंतरचंही बरंच टपाल अजून लावायचं राहिलंय, व्हरांड्यात पोती आहेत, म्हणाला. आम्ही सगळे व्हरांड्यात गेलो. पहिल्याच पोत्यात वरच आमचं बाड होतं. मामांनी ते काढलं, आणि त्याच्याखाली दुसरं दिसलं, तिसरं दिसलं. सिनेमाचा परवाना, मोकाट कुत्री, वजनमापं. वर्षानुवर्षांची त्यांची उत्तरं जिल्ह्याच्या वाटणीत नव्या कचेरीच्या वाट्याला आली होती. सगळ्यांवर मामांची सुतळी होती. ते एक खास गाठ मारायचे, टोक ओढलं की झटक्यात सुटेल अशी, कारण साहेबाला कात्री शोधत बसावं लागू नये. एकाही बाडाची गाठ सुटलेली नव्हती.

मामा तिथंच फरशीवर बसले. आयुष्यभर ज्यांना त्यांनी ताटकळत ठेवलं नव्हतं, त्यांनी काहीच ऐकलेलं नव्हतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिले.

तेव्हा सरूबाई पुढं झाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "कागद वाचला न्हाई तर मी तोंडानं सांगू का, साहेब?"

कारकून म्हणाला, हरकत लेखीच लागते. अधिकाऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. मग त्यांनी स्वतः वाकून आमच्या बाडाची सुतळी ओढली. गाठ सुटली. त्यांनी पहिला कागद काढला, तो सरूबाईचाच होता, आणि तिला म्हणाले, तुम्ही सांगा, मी यात बघतो. ती बोलली. माझं कोर्ट माझ्या पायाच्या अंतरावर राहू द्या, बाकी काही मागत नाही, एवढंच तिचं सार होतं. त्यानंतर कारकुनानं एकेक कागद मोठ्यानं वाचला. धरणाच्या म्हातारीचा आला तेव्हा तो मध्ये थांबला आणि पाणी प्यायला गेला. सगळे कागद संपायला दुपार टळून गेली.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं आवाज दिला, कुणाचं तिकीट राहिलंय का? मामा खिडकीबाहेर बघत होते. मी वळून त्यांच्याकडं पाहिलं, सरूबाईनंही पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्या दिवसाचा मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का तोच होता.

पावसाळ्यानंतर निकाल आला. सातांतली तीन गावं आमच्याच तालुक्यात राहिली, चार गेली. सरूबाईचं राहिलं, म्हातारीचं गेलं. सरूबाईच्या दाव्याचा निकाल पुढं कित्येक वर्षांनी लागला, तोही अर्धाच तिच्या बाजूनं. पण तोवर प्रत्येक तारखेला ती पायी येत होती, आणि येताना मामांच्या दुकानाच्या पायरीवर घोटभर पाणी पिऊन जात होती. मामांनी त्या चार गावांच्या लोकांना निकाल स्वतः जाऊन वाचून दाखवला. ते काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फळा वाचणं त्यांनी सोडलं नाही, पण पुढच्या दोन वर्षांत माझ्याकडं एकही कागद टाइप करायला आला नाही. टाइपरायटरवर मी पापडाचं पीठ झाकलेली परात ठेवायला लागले. एका दुपारी मी दुकानात डबा घेऊन गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. मामा सुतळी गुंडाळत बसले होते, नजर न उचलता म्हणाले, "सूनबाई, तू टाइप करताना वाचत होतीस का गं?"

मी हो म्हणाले. प्रत्येक कागद, मामा.

त्यांनी हातातला गुंडा खाली ठेवला. मंग बरं हाय, म्हणाले, आणि डबा उघडला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला नळाच्या पाण्याच्या वेळेबद्दलचा एक कागद आणून दिला. त्यानंतर पार शेवटच्या आजारपणापर्यंत ते देत राहिले, आणि मी ते शब्द न शब्द वाचून टाइप केले.

त्या दुपारी मी सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं. त्या बायकांचे कागद मी वाचले होते. त्याआधीचे बहुतेक नव्हते. टाइप करणाऱ्याची बोटं वाचतात, डोकं भलतीकडंच असतं; माझं तर बहुतेक वेळा चुलीवरच्या दुधाकडं असायचं. सिनेमाच्या परवान्यावर त्यांना काय म्हणायचं होतं, मोकाट कुत्र्यांसाठी त्यांनी काय सुचवलं होतं, हे आता मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. ती पोती पुढं कुठं गेली, याची मी एकदा चौकशी केली. कुणाला सांगता आलं नाही.