नरडाण्याला मी इंजिनातून उतरलो

"सर, डबल यलो," रूपाली म्हणाली.

मी काहीच बोललो नाही.

"सर, डबल यलो आहे. तुम्ही पण बोला."

दुपारची वेळ. मालगाडी घेऊन आम्ही बेटावदच्या पुढे नरडाण्याकडे चाललो होतो. मी लोको पायलट, म्हणजे गाडी चालवणारा. रूपाली माझी असिस्टंट, नोकरीत तशी नवीन. आमच्याकडे नियम असा, की सिग्नल दिसला की त्याचा रंग दोघांनीही मोठ्याने म्हणायचा. दोन पिवळे दिवे असले तर डबल यलो, म्हणजे वेग कमी करायची तयारी ठेवा. दोघांनाही एकच दिसलं, याची ती खात्री.

"डबल यलो," मी म्हणालो. ब्रेक वेळेवर लावला.

नरडाण्याला आम्हाला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतलं. मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढायची होती. गाडी थांबली. रूपालीने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, आणि पाणी पिता पिता माझ्या मनात आलं, बेटावदला कोणता सिग्नल होता?

आठवेना. त्याच्या आधीचा? तोही नाही. अमळनेर सोडल्याचं आठवत होतं. मधला सगळा रस्ता कोरा.

इंजिनात एक बटण असतं. चालक जागा आहे ना, हे तपासायला ते ठरावीक वेळाने दाबावं लागतं. नाही दाबलं तर आपोआप ब्रेक लागतो. मी ते प्रत्येक वेळी दाबलं होतं. हात सवयीने काम करत होता. मी मात्र तिथे नव्हतो.

मी कुठे होतो, ते मला माहीत होतं.

काही आठवड्यांपूर्वी याच लाइनवर, एका वळणाच्या पुढे, एक म्हातारे गृहस्थ रूळ ओलांडत होते. चपला हातात घेतलेल्या. मी हॉर्न दिला, परत दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. भरलेली मालगाडी लगेच थांबत नाही. ब्रेक लावल्यावर चालकाच्या हातात काही उरत नाही, समोर बघत राहायचं. मी बघत राहिलो. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

गावातली माणसं धावत आली. "आबाला ऐकू कमी यायचं," एकजण म्हणाला. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट एका बाईने माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणलं. तेच मला सोसलं नाही.

मग कळवाकळवी झाली आणि गाडी पुढे न्यायची होती, ती मी नेली. लॉबीत, म्हणजे आम्ही ड्यूटीची हजेरी लावतो तिथे, सगळे म्हणाले, "होतं रे, सोनवणे. सगळ्यांच्या नशिबी येतं." खरंच येतं. माझ्याही नोकरीत याआधी आलं होतं. म्हणून वाटलं, याही वेळी जाईल.

गेलं नाही. जेवण समोर ठेवलं की मी भाजीकडे बघत बसायचो. बायको आमच्या अहिराणीत विचारायची, "तुमनं ध्यान कोठे शे?" झोपेत माझा उजवा हात काहीतरी ओढत असतो, हेही तिनेच सांगितलं. कुठेही कोणी रुळाजवळ दिसलं की मी हॉर्न देत सुटायचो. असिस्टंट लोक एकमेकांकडे बघायचे. मी म्हणायचो, काळजी घेतलेली बरी.

आणि आता सिग्नल आठवत नव्हते.

"रूपाली," मी म्हणालो, "मी ही गाडी पुढे नेणार नाही."

तिचा चेहरा उतरला. "सर, छातीत दुखतंय का?"

"नाही. डोकं जागेवर नाही माझं."

तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली. मग म्हणाली, "सर, बरं झालं तुम्हीच बोललात. मी कालच्या फेरीपासून विचार करत होते, कुणाला सांगू."

स्टेशन मास्तरांनी कंट्रोलला फोन जोडून दिला. कंट्रोल म्हणजे सगळ्या गाड्यांची हालचाल ठरवणारं ऑफिस. पलीकडचा माणूस ओळखीचा होता.

"काय त्रास आहे? ताप? चक्कर?"

"नाही. गाडी चालवताना लक्ष राहत नाही. मागचं आठवत नाही."

"असं कसं सांगू मी वर? भाऊ, पोट दुखतंय म्हण ना. मी लगेच रिलीफला दुसरा चालक देतो. दोन दिवस घरी झोप, मोकळा."

त्याचा हेतू चांगला होता, आणि वाट सोपी होती. पण पोटदुखीवर गोळी मिळाली असती. तिसऱ्या दिवशी मी परत याच खुर्चीत, असाच.

"पोट दुखत नाही माझं," मी म्हणालो. "मी सांगतो तेच लिहा."

दुसरे चालक येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली. मी इंजिनातच बसून होतो. ते आल्यावर खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी बोरसे साहेबांनी बोलावलं. ते लोको इन्स्पेक्टर, आमच्या गटातल्या चालकांची जबाबदारी त्यांच्यावर.

"सोनवणे, तुला कळतंय का तू काय बोलून बसलास? डॉक्टरने अनफिट केलं तर इंजिन कायमचं सुटेल. ऑफिसात टेबलावर बसशील."

"बसेन, साहेब."

"बसेन काय? तुझ्यासारखा चालक..."

"साहेब, बेटावदचा सिग्नल मला अजूनही आठवत नाही."

बोरसे साहेबांनी स्वतः बरीच वर्षं गाडी चालवली आहे.  उठले आणि मला घेऊन आमच्या रेल्वेच्या डॉक्टरांकडे चालत आले.

डॉक्टरांनी ड्यूटी बंद केली आणि मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायला सांगितलं. जळगावात दवाखाने आहेत. पण माझं घर जळगावातच, पिंप्राळ्याला, तिथलं कोणीतरी बघेल, या भीतीने मी धुळ्याला गेलो, देवपुरात. बाई डॉक्टर होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, हॉर्नचंही विचारलं. म्हणाल्या, "हा वेडेपणा नाही. तुम्ही जे पाहिलं, ते तुमचं शरीर अजून रोज बघतंय."

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. चपला, हॉर्न, पाण्याचा तांब्या. बायको शेजारी होती. तिला मी घरी फक्त "अपघात झाला" एवढंच सांगितलं होतं. ती तिथे रडली. मला घरी आल्यावर रडू आलं.

औषध होतं, बोलणं होतं, सकाळचं फिरणं होतं. हळूहळू झोप आली. दीड-दोन महिन्यांनी फेरतपासणी झाली, आणि मला फिट केलं. पहिल्या फेरीला बोरसे साहेब स्वतः इंजिनात आले. ते वळण आलं, मी नियमाप्रमाणे हॉर्न दिला. एकदाच. तळहाताला घाम आला होता. तिथे तो अजूनही येतो. नरडाण्याला साहेबांनी चहा मागवला, बाकी काही विचारलं नाही.

लॉबीत काही दिवस "मेंटल" म्हणून चेष्टा झाली. मी ऐकून घेतली. एवढं मात्र शिकलो, की असं काही सांगायचं असेल तर गाडी उभी असताना सांगावं. धावत्या गाडीत सांगायला वेळ मिळत नाही.

मध्यंतरी एका सकाळी भदाणे घरी आला. माझ्याच बॅचचा चालक, आडदांड गडी, कधी कुणाकडे न जाणारा. तासभर बदल्यांच्या गप्पा मारल्या. निघताना दारात उभा राहून म्हणाला, "तुना त्या डॉक्टरना दवाखाना कोठे शे रे भो?"

कोणासाठी, हे मी विचारलं नाही. पत्ता सांगून म्हणालो, "मी येऊ का संगे?"

"ये."

आम्ही धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं. मग खिडकीकडे बघतच म्हणाला, "काय इचारस ती डॉक्टर?"

"पहिले इचारस, झोप येस का?"

तो परत खिडकीबाहेर बघू लागला. पारोळा मागे पडलं, तेव्हा म्हणाला, "झोप येस नही."