पडद्याआडची नवरी

नातीच्या लग्नासाठी पेटीतला अंतरपाट काढला, आणि त्यावरच्या जुन्या कुंकवाच्या वासानं मी थेट कल्याणच्या मांडवात जाऊन उभी राहिले.

माझ्या लग्नात त्याचं एक टोक शास्त्रीकाकांच्या हाती होतं, दुसरं त्यांच्या स्नेह्यांच्या, ठाण्याच्या संस्कृतच्या मास्तरांच्या.

“संस्कृत नाटक ग्रीकांकडून आलं, पडद्यासकट; म्हणून तर पडद्याला ‘यवनिका’, म्हणजे यवनांची, ग्रीकांची म्हणतात,” अंतरपाटाकडे बघत मास्तर पुटपुटले.

“छे हो! वेदांतल्या संवादांतून निघालं ते!” काका कडाडले.

मंगलाष्टकं संपली, ताशा वाजू लागला, पण वादाच्या भरात अंतरपाट काही हलेना. मुहूर्त टळत होता. शेवटी मीच ओरडले, “काका, नाटक कुठूनही येवो, आधी हा पडदा काढा!”

सारा मांडव हसला. मी लाजून चूर झाले.

आता लाज वाटत नाही. नाटक जन्मलं असेल, तर अशाच पडद्याआड ताटकळलेल्या कुणीतरी तोंड उघडलं तेव्हाच.