मी रोवलेली मेढ

गयाच्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं. उभं राहायचं.

वाढायचं नव्हतं, रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढायची नव्हती. नवरीच्या मागं तिच्या मामानं उभं राहायचं असतं, तेवढं राहायचं. खांबाला जमतं ते मला जमलं नाही. (खांबालाही जमलं नाही, पण ते पुढं येईल.)

आता मी गयाचा मामा कसा, ते सांगायला हवं. कारण भाचीहून मामा जेमतेम दोन पावसाळे मोठा! मी मूळचा भीमेकाठचा. चौथीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. पोटासाठी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आलो आणि जालन्याच्या एका कापसाच्या जिनात चिकटलो. आल्या आल्या हिवतापानं आडवा झालो. जिनात गाडीनं कापूस आणणाऱ्या दाजींनी मला रिकाम्या गाडीत टाकून वेशीबाहेरच्या आपल्या मळ्यात नेलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, कण्या पाजून मला उभं केलं आणि मग जाऊच दिलं नाही. त्यांचा एकुलता भाऊ प्लेगात गेला होता. दिवाळीत मला पाटावर बसवून भाऊबीज केली आणि मी त्यांच्या लेकीचा, गयाचा, मामा झालो! या उपकाराखाली मी इतका वाकलो होतो, की कुणी नुसतं "गणा" म्हटलं तरी मी घागर उचलायचो.

लग्न निघालं ऐन हंगामात. मी मुकादमाकडं सुट्टी मागितली.

"लग्न? किसका?"

"भाचीचं."

"बराबर. मंग दोन पाळ्या लागोपाठ भर आन् जा."

भरल्या. जिनातला माणूस उभ्यानं झोपायला शिकतो. हात सरकी काढायच्या चरख्यात कापूस घालत असतात आणि बाकीचा माणूस गावाकडं गेलेला असतो. भोंगा झाल्यावर तसाच मळ्यात आलो. केसांत रुई, भुवयांत रुई, कानांत रुई.

"गणा, थकलास रे," अक्का म्हणाल्या.

"छे! बिलकुल न्हाई!"

थकलो म्हणायची मला भारी लाज. ज्यांचं खायचं त्यांच्याच दारात थकायचं? म्हणून मी पाणी भरलं, लाकडं फोडली, चुलवण खणलं आणि मांडवालाही हात घातला. मुहूर्तमेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, सुवासिनींनी हळदकुंकू वाहून आधीच रोवून घेतली होती. बाकीच्या मेढींचे खड्डे माझ्याकडे. खड्डा कोपरापर्यंत खोल हवा. जमीन अशी, की पहार टणकन् वर उडायची! शेवटच्या खड्ड्यात माझं मनगट बुडालं आणि हात गळाले.

दाजी लांबून ओरडले, "गणा, कोपर बुडतंय का?"

"बुडतंय दाजी!"

"बराबर?"

"एकदम बराबर!"

दुपारी हसनाबादचं वऱ्हाड आलं. नवऱ्याचे चुलते किसनराव गाडीतून उतरले ते खोड काढतच. पाणी गढूळ, वैरण ओली, वाजंत्री बेसूर. मग विचारलं, "नवरीचा मामा कोन?"

अक्कांनी मला पुढं केलं.

"ह्यो? ह्याच्या मिशा कुठं हायेत?"

"भाऊ हाय माझा."

"सख्खा?"

"ओवाळलेला."

किसनरावांनी मला बाजारातल्या बैलासारखं वरून खाली पाहिलं. "बघू. मामाचं काई चुकलं तर आमी गाड्या जुंपू. मंग बोलायचं न्हाई."

अक्कांनी मला बाजूला घेतलं. "गणा, माझ्या माहेराचं एवढंच मानूस हाय रे. तू काई करू नको. नुस्ता उभा ऱ्हा."

गोरजाचा मुहूर्त. अंतरपाट धरला आणि माझ्या पापण्या खाली आल्या. जागं राहायला मी हिरवी मिरची आणली होती, ती कचकन् चावली. डोळ्यांतून धारा!

"बाई बाई, मामा किती रडून राह्यला!" मागून बायका म्हणाल्या. ते ऐकून गया रडायला लागली. गया रडली म्हणून अक्का रडल्या. किसनरावांनीसुद्धा नाक पुसलं. माझी इज्जत एकदम वाढली.

पण मिरचीचा जोर तो किती? मी पुन्हा डुलायला लागलो. नवरीच्या अंगावर पडलो तर? माझ्या पाठीशीच एक मेढ होती. मी गुपचूप उपरणं कमरेभोवती घेतलं आणि मागं मेढीला गाठ मारली. आता झोप आली तरी पडायचं भ्या नाही! (ती मेढ कोणती, हे आठवायला डोकं जागं लागतं.)

मंगलाष्टकं संपेनात. वऱ्हाडात एक शाळामास्तर होते. त्यांनी स्वतः रचून आणली होती. त्यांत नवऱ्याचे चुलते आले, आत्या आल्या, आत्यांचे सासरे आले. गाडीचे बैल तेवढे राहिले. "सावधान" झालं की अक्षता तोंडावर बसायच्या आणि मी डोळे उघडायचो. पुढं पुढं त्या अक्षताही मऊ लागायला लागल्या.

मग मी पुढं झुकलो. माझ्यामागं मेढ झुकली. मेढीमागं आडवा वासा आणि वाशामागं तुराट्या, जांभळीचे डहाळे, तोरणं, सगळा मांडव!

अंधार. पोरांचा कालवा. पाल्याखालून किसनरावांचा आवाज, "मेढ पडली! अपशकून झाला! गाड्या जुंपा!"

मी रांगत बाहेर आलो. पळून जावंसं वाटत होतं, पण पाठीला मेढ बांधलेली!

किसनरावांचा पटका डहाळीला लटकत होता. ते बोडक्या डोक्यानं माझ्यापुढं आले. "ह्यो खांबाला का बांधलाय?"

"झोप येत व्हती," मी म्हणालो. "पडू नये म्हनून."

"झोप? लग्नात? मामाला?"

दाजी खड्ड्यापाशी बसले. त्यांनी आत हात घातला. मनगट बुडालं. त्यांनी हात वर काढला आणि मातीनं माखलेलं मनगट मला दाखवलं. ते मनगट आठवलं की माझे कान आजही तापतात.

मधे पडल्या त्या अक्का. पदर खोचून किसनरावांपुढं उभ्या राहिल्या. "मुहूर्तमेढ पडली का? तिकडं बघा, ती उभी हाय! पडली ती ह्या येड्यानं रोवलेली. अपशकून कशाचा? आन् झोपला तर झोपला! दोन पाळ्या भरून आल्ता, सकाळधरनं राबून राह्यला, एकदा थकलो म्हनला न्हाई. सख्खा असता तर कवाच पसरला असता!"

किसनरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातला पाला हलला. आतून घोरण्याचा आवाज आला. वऱ्हाडातल्या दोघांनी डहाळे उचलले, तर खाली किसनरावांचे वडील! डोळे चोळत म्हातारबाबा म्हणाले, "किसना, अक्षता झाल्या का रं?"

किसनरावांनी डहाळीवरचा पटका काढून डोक्यावर ठेवला. अख्खं वऱ्हाड हसायला लागलं. बैल पुन्हा सोडले आणि राहिलेलं एक मंगलाष्टक उघड्यावर झालं. मी नवरीमागं उभा होतो. म्हणजे एका दंडाला दाजींनी आणि दुसऱ्याला किसनरावांनी धरून मला उभं ठेवलं होतं.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? दोन वर्षांनी किसनरावांनीच आपली पुतणी दिली. हा पडेपर्यंत राबतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे. (बरोबर काय काय पडतं, तेही पाहिलं होतं.) अट एकच. मांडव घालायचा नाही, लग्न कडुलिंबाच्या झाडाखाली लावायचं.

त्या दिवशी अंतरपाट धरल्यावर किसनरावांनी लिंबाच्या बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जावईबापू, आता झोपा खुशाल!"

थोरांचा शब्द मी मोडला नाही.