मासींच्या गाद्या

आमच्या आईच्या लेखी सातारा सोडला की परदेश सुरू होतो. पुणं कसंबसं चालतं. मला कोयलीच्या रिफायनरीत नोकरी लागली आणि मी बडोद्याला निघाले, तेव्हा तिने मेतकूट, भाजणी, लोणची असं काही बांधून दिलं की जणू मी बोटीनेच चालले होते. "तिकडं तुझं कोण आहे गं?" एवढं एकच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

खरं सांगते, कोणी नव्हतं. ऑफिसात इंग्रजी, रिक्षात हिंदी, जिन्यात "केम छो", आणि मराठी फक्त फोनवर, तीही आईची बोलणी खायला. पण माझं खरं दुखणं वेगळंच होतं. माझ्याकडे बेस गिटार होती आणि बरोबर वाजवायला कुणीच नव्हतं. कॉलेजातला आमचा बँड नोकऱ्यांपायी चार गावांना पांगला. आणि एकट्याने बेस वाजवणं म्हणजे नुसती फोडणी करून बसणं. वास येतो, जेवण होत नाही.

अशात साहेबांनी सांगितलं की महाराष्ट्रातल्या प्लँटमध्ये एक जागा होतेय, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं की हो-नाही कळव. आईने तर तिकडे साखर वाटायचीच बाकी ठेवली. मी मनाशी ठरवलं, उत्तरायणापर्यंत बरोबर वाजवणारं एक जरी माणूस मिळालं तर राहायचं. नाही मिळालं तर निमूटपणे सामान बांधायचं.

मी निजामपुऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली घरमालकीण, त्यांना सगळी गल्ली मासी, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही. माझी आतली खोली रिकामीच होती. म्हटलं, आधी तिचा स्टुडिओ करू, मग माणसं शोधू. माइक आणला, लहानसा अँप आणला. पण खोली इतकी घुमायची की साधं शिंकलं तरी देवळाच्या गाभाऱ्यात शिंकल्यासारखं वाटे. इंटरनेटवर जो तो छातीठोकपणे सांगत होता, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे लावा, आवाज शोषला जातो.

मी अतिशहाणी. रविवारी सकाळी ट्रेंची हनुवटीपर्यंत चळत घेऊन रिक्षातून उतरले, आणि जिन्यात समोर मासी! हातात पूजेचं तबक. ज्या घरात कांदासुद्धा चोरून चिरावा लागेल, त्या घरात मी हे घेऊन चालले होते.

"आटलां बधां ईंडां!" मासी भिंतीला टेकल्या. मी तेवढी सगळी अंडी एकटीने खाल्ली अशी त्यांची समजूत झाली होती. मला हसू आवरेना, आणि हसले तर घर जाणार! ट्रे तिथेच टाकले आणि त्यांना जवळजवळ ओढतच वर नेलं. आतल्या खोलीत उभं करून म्हटलं, टाळी वाजवा. त्यांनी वाजवली. आवाज घुमला. त्यांनी डोळे मोठे केले, पुन्हा वाजवली. मग "जय अंबे" म्हणून पाहिलं. मला वाटतं त्या दिवशी मासींना त्या खोलीत फार मजा आली.

निकाल असा लागला की ट्रे ताबडतोब भंगारात जातील आणि त्यांच्या जागी मासी गाद्या देतील. त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी गाद्यांची छतापर्यंत थप्पी होती, कापसाच्या, लाल-निळ्या फुलांच्या खोळींच्या. अट एकच: लंडनचे पाहुणे आले की गाद्या परत.

मी खिळे ठोकले, दोऱ्या ताणल्या, दारखिडक्यांसकट सगळं गाद्यांनी झाकून टाकलं. काय खोली झाली म्हणून सांगू! आतला आवाज आत. मी मनसोक्त वाजवायचे आणि खाली मासींना पत्ता लागत नसे. इकडे सयाजीगंजच्या वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली, "बँडसाठी साथीदार हवेत". फोन आले की! एकाला मुलीच्या लग्नाच्या वरातीला बँड हवा होता. एका बाईंना मुलाला गिटारची शिकवणी लावायची होती. एकाने तर खोली भाड्याने आहे का म्हणून विचारलं. वाजवणारा मात्र एकही नाही. दिवाळी गेली, थंडी आली, आणि मी त्या मऊ खोलीत बसून एकटीच फोडण्या करत होते. एकदा तर वाजवता वाजवता रडू आलं, आणि तेही गाद्यांनी गिळलं.

उत्तरायण जवळ आलं आणि लंडनची मंडळी येऊन थडकली. गाद्या भराभर खाली गेल्या. खोली पुन्हा उघडी, खिडकी उघडी, नुसते खिळे. म्हटलं, जाऊ दे, आता जायचंच आहे. रागारागात अँप मोठा केला आणि जो तुकडा कधीच जमला नव्हता तोच काढला. चुकले. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा चुकले तशी कडाडून ओरडले, "च्यायला!"

समोरच्या गॅलरीतून आवाज आला, "अहो, तुम्ही मराठी?"

बघते तर पन्नाशीचे एक काका, गळ्याला मफलर, हातात चहाचा कप. "मी सामेच राहतो," म्हणाले. "पिढ्यान्पिढ्या आम्ही इथलेच. शाळेत गणित शिकवतो. मघापासून ऐकतोय, तुमचा सूर चुकत नाही, तुम्हाला घाई होते. हार्मोनियम घेऊन येऊ का? चालेल ने?"

चालेल ने! मी नाचायचीच बाकी होते. ते संध्याकाळी पेटी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या भाचीला घेऊन आले. ही सयाजीगंजला होस्टेलवर राहायची आणि एका लाकडी खोक्यावर बसून तोच खोका दोन्ही हातांनी असा बडवायची की अंगावर काटा यावा. बसायला माझ्याकडे काही नव्हतं. आम्ही थंडगार फरशीवर बसलो, पाय बधिर झाले तरी उठलो नाही. तो तुकडा पहिल्यांदा धडपणे पार पडला तेव्हा काका "मजा पडली!" म्हणून ओरडले आणि मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीची गळाभेटच घेतली.

उत्तरायणाला मासींनी आम्हाला गच्चीवरच बोलावलं. आभाळ पतंगांनी गच्च, प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पतंग कापला की चहूकडून "काप्यो छे!"ची आरोळी. आम्हाला एकच गाणं येत होतं. ते वाजवलं. लंडनवाले ओरडले, "फरीथी!" पुन्हा वाजवलं. ते गरबा धरून नाचायला लागले, मासी उंधियूचा डाव पातेल्यावर आपटायला लागल्या, अगदी बेताल, आणि काका हसता हसता पेटीचा भाता विसरले. अंधार पडेपर्यंत एकच गाणं!

पाहुणे गेले. मासींनी गाद्या वर पाठवल्या आणि मागोमाग स्वतः आल्या. मी हातोडी घेऊन स्टुलावर चढले होते. त्यांनी मान हलवली. "नीचे पाथर," म्हणाल्या. "लोको बेसे क्यां?"

खरंच, माणसं बसणार कुठे! मी खाली उतरले. गाद्या जमिनीवर अंथरल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सगळ्यांत आधी मासीच बसल्या, मांडी घालून, जणू आता कार्यक्रम सुरू होणार.

साहेबांना नाही म्हणणं सोपं गेलं. मग आईला फोन लावला.

"म्हणजे तू येत नाहीस," ती म्हणाली.

"नाही येत गं. तूच ये ना इकडे."

"आणि झोपू कुठं तुझ्या त्या परदेशात?"

"आई, खोलीभर गाद्या आहेत. मासींच्या."

ती म्हणाली, "मेतकूट संपलं असेल तुझं. मासींसाठी पण घेऊन येते."