मास्तरांचा शब्द आणि नळीचा रंग

आधीच माफी मागतो. मी अजून डॉक्टर झालेलो नाही. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी साधं पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. म्हातारपणी काय खावं, किती चालावं, हे वडीलधाऱ्यांना सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एका नाताळच्या सुट्टीत मला नेमकं तेच काम मिळालं होतं आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली. तेवढीच सांगतो.

नळी लाल झाली होती. सलग नवव्या दिवशी.

मी मास्तरांच्या ओट्यावर उकिडवा बसलो होतो. समोर स्पिरिटचा दिवा, हातात चिमट्यात धरलेली काचेची टेस्ट ट्यूब. मास्तर बाजेवर घोंगडी पांघरून बसले होते.

“रंग कोणता, दानियल?”

“लाल, मास्तर.”

“कसा लाल?”

“विटेसारखा.”

“म्हणजे कालच्यासारखाच,” मास्तर म्हणाले.

हा रंग काय प्रकार आहे तो सांगतो. मास्तरांना मधुमेह होता. एका नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की खूप. एवढीच तपासणी. ती मला आमच्या गावाजवळच्या मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिकवली. मी तेव्हा पुण्याला इंटर सायन्सला होतो. सुट्टीत घरी येई तेव्हा दवाखान्यात हाताखाली काम करी.

आमचं गाव नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या कालव्यावर. शांतवन मास्तर तिथल्या मिशन शाळेत पस्तीस वर्षं शिकवत होते. मला पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं. रिटायर झाल्यावर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दिसेनासं झालं तसं त्यांनी बाहेर पडणं सोडलं. एके काळी पाच मैल चालत शाळेत येणारा माणूस बाजेवर बसून राहिला. पाय काटकुळे झाले. वय सत्तरच्या आतलं, पण नव्वदचे दिसत.

डोळ्यांचे मोठे डॉक्टर वर्षातून एकदाच, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात येत. चार दिवसांत सगळी ऑपरेशनं उरकत. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, “साखर एवढी असताना ते डोळ्याला हात लावणार नाहीत. जखम चिघळते. ते यायच्या आदल्या दिवशी नळी हिरवी दिसली, तरच तुमचं नाव लिस्टमध्ये घालीन. नाहीतर पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षीपर्यंत बाई, मी असेन का ते आधी बघावं लागेल,” मास्तर म्हणाले होते.

लढाईचे दिवस होते. इन्सुलिनच्या बाटल्या नगरला कधी येत, कधी येत नसत. तेव्हा उपाय दोनच, पथ्य आणि चालणं. बाईंनी इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या. त्यांचं मराठीत करून, मोठ्या अक्षरात लिहून, मास्तरांच्या भिंतीवर डकवायचं काम माझं. साखर वर्ज्य. गूळ वर्ज्य. सणाचे गोड पदार्थ वर्ज्य. भाकरी अर्धी. पालेभाजी हवी तेवढी. रोज संध्याकाळी दोन मैल चालणे. खाली मी भाकरीचा एक गोल काढला आणि मास्तरीणबाईंना म्हणालो, “भाकरी एवढी. टोपलीएवढी नको.”

“माझी भाकरी टोपलीएवढी असती व्हय रे?” त्या म्हणाल्या. “पुन्याला जाऊन लई शाना झालास.”

“काकू, हे लिहिलेलं अधूनमधून वाचून दाखवा मास्तरांना.”

“मला छापील वाचता येतं. तुझं हे अक्षर कुनाला लागायचं?”

मग मीच मोठ्यांदा वाचून दाखवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं, जसं आम्ही पाठ म्हणताना ऐकत.

रोज सकाळी मी यायचो. आधी विचारायचो, “मास्तर, काल काय काय खाल्लं?” मास्तर क्रमाने सांगायचे. सकाळी अर्धी भाकरी, मेथीची भाजी. दुपारी पिठलं. संध्याकाळी अर्धी भाकरी, चवळईची भाजी. मी वहीत लिहायचो. मग नळी उकळायचो, आणि ती लाल व्हायची.

मधे नाताळ होऊन गेला. दारोदार बांबूवर चांदण्या लागलेल्या, पहाटे ढोलकी-टाळ घेऊन गाणाऱ्यांची टोळी फिरलेली. घरोघरी ताटं जात-येत होती. करंज्या, अनारसे, शंकरपाळे. नाताळात आलेलं ताट परत करणं म्हणजे माणसालाच परत करणं. मास्तरीणबाई ताटं घेत आणि सगळं एका डब्यात भरून फळीवर ठेवीत.

त्या नवव्या लाल नळीच्या दिवशी माझी नजर त्या डब्याकडे गेली. झाकण उचललं, तर तो अर्धा रिकामा.

मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला, हे मला आजही आठवतं. “मास्तर, खरं सांगा. डब्यातलं काही खाल्लंत का?”

मास्तरीणबाई चुलीपासून उठल्या. “अरे, गानी म्हननारी पोरं आल्ती, त्यांनी खाल्लं...”

“तुम्ही थांबा काकू. मास्तर, नळी खोटं बोलत नाही.”

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. आम्ही वर्गात असताना कुणी खोटं बोललं, तर ते मारत नसत. नुसते असेच थांबत, आणि पोरगं आपोआप रडायला लागे. मला तेव्हा रडू आलं नाही. मला वाटत होतं की मी बरोबर आहे.

“दानियल,” ते म्हणाले, “मला नळी दिसत नाही. तू लाल म्हणालास, मी लाल मानलं. एकदा तरी विचारलं का मी, खरं सांग म्हणून?”

भिंतीला हात लावत ते आत गेले.

दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मास्तर चोरून खातात, असंही सांगितलं. बाई बँडेज गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“रोज त्यांना काय विचारतोस?”

“काय काय खाल्लं ते.”

“आणि ते सांगतात?”

“सगळं. पाठ असल्यासारखं.”

“मग विचारणं बंद कर. उद्या दिवसभर त्यांच्याजवळ बस आणि नुसतं बघ.”

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर त्यांच्या घरी बसलो. मास्तर माझ्याशी बोलले नाहीत. अर्धी भाकरी खाल्ली ती माझ्यादेखत. माझ्या मनात नसताना मी ती गोलाशी ताडून पाहिली. बरोबर होती. पाणी मात्र ते सारखं मागत. या आजारात तहान फार लागते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं, एवढंच.

ऊन उतरल्यावर मास्तरांनी काठी घेतली.

“येतोस का?” त्या दिवसातला त्यांचा हा पहिला शब्द.

आम्ही कालव्याच्या भरावावरून निघालो. मला वाटलं होतं हाताला धरावं लागेल. पण मास्तर काठी आपटत माझ्या पुढे चालत होते. दहा दिवसांमागे जे ओट्याच्या पायरीवर धापा टाकत, ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. वाटेत माणसं भेटत. कुणी “सलाम मास्तर” म्हणे, कुणी “रामराम मास्तर.” मास्तर आवाजावरून ओळखत.

“कोण, भागूजीचा थोरला का? सातचा पाढा येतो का आता?”

“न्हाई मास्तर. आता माझ्या पोराला येतो.”

“मग त्याच्याकडून शीक.”

ऊसतोड चालू होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज, पाचटाचा वास, थंडी अंगाला लागायला नुकती सुरुवात झालेली. मी शाळेत असताना याच भरावावरून मास्तरांच्या मागे पळत जायचो, कारण त्यांच्या एका पावलात माझी तीन व्हायची. त्या दिवशीही मी मागेच राहिलो.

दोन मैल संपतात तिथे नामदेवचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा रस काढून, मोठ्या कढईत आटवून गूळ करायची जागा. नामदेव हाही मास्तरांचाच विद्यार्थी. आम्हाला पाहताच तो घाण्यापासून धावत आला. पोतं झटकून मास्तरांना बसवलं आणि काही न विचारता त्यांच्या हातात एक मोठा पितळी तांब्या दिला.

मास्तरांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा केला.

“मास्तर!” मी ओरडलो. “हे काय?”

“रस. लिंबू पिळून देतो तो. छान देतो.”

“रोज पिता?”

“रोज. दोन मैल चालून आल्यावर घशाला कोरड पडते.”

“मग मला सांगितलं का नाही?”

मास्तरांनी तांब्या खाली घेतला. “तू विचारत होतास, काय खाल्लं. मी खाल्लेलं सांगितलं. हे कुठे खाल्लं? हे प्यायलो.”

 नामदेव एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होता.

“काय चुकलं का माझं?” तो म्हणाला. “मास्तर लई वाळले हुते. म्हनलं, अंगाला लागंल. पैल्यांदा एक पेलाच देत हुतो. मग तांब्या केला.”

“मास्तर,” मी हळूच म्हणालो, “साखर या रसाचीच होते.”

“ते मला शिकवू नकोस. भूगोलात मीच शिकवलंय तुला.” आणि मग त्यांनाच ते ऐकू आल्यासारखं झालं. तांब्या त्यांनी चाचपडत दूर सरकवला. “म्हणजे साखर वर्ज्य म्हणून भिंतीवर कागद लावला, आणि रोज दोन मैल चालत साखरेकडेच आलो.”

कढईजवळचे गडी हसले. मास्तरही हसले, पण लगेच थांबले.

“मग मी तुला खोटंच सांगितलं म्हणायचं.”

“नाही मास्तर. मी प्रश्न चुकीचा विचारला.”

“हं,” मास्तर म्हणाले. “प्रश्न चुकीचा असला तर उत्तराचे मार्क कापायचे नसतात.”

मी त्यांचे पाय धरले. आमच्यात पाया पडायची रीत नाही. पण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

आता अडचण नामदेवची होती. “मंग मी मास्तरांना काय देऊ? माझ्या दाराला आलेला मानूस मी तसाच धाडू?” तो खरोखर दुखावला होता. मी पाणी म्हटलं तर त्याने मानच फिरवली. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला. “ताक दे. पातळ. तुझ्या म्हशीचं आहे ना? मग तुझ्या घरचंच झालं.”

“मीठ घालून?”

“मीठ घालून.”

मला भीती होती की मास्तर आता तिकडे जाणंच सोडतील आणि पुन्हा बाज धरतील. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी तयार होते. डोळ्यांचे डॉक्टर यायला आठ दिवस उरले होते. मी रोज सकाळी विचारायचो, “मास्तर, काय खाल्लं, काय प्यायलं, कुणी हातावर काय ठेवलं, आणि काय नुसतं चाखलं?” मास्तर म्हणायचे, “आता वकील झालास.”

लाल गेला. नारिंगी आला. दोन दिवस पिवळा अडून बसला. शेवटच्या सकाळी मी नळी दिव्यावरून काढली, थंड केली आणि उजेडात धरली.

“रंग कोणता, दानियल?”

“हिरवा, मास्तर.”

“कसा हिरवा?”

“कोवळ्या हरभऱ्यासारखा.”

मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मास्तर नुसते “बरं” म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लिस्टमध्ये नाव घातलं, आणि माझं कॉलेज उघडलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला पुण्याची गाडी धरावी लागली. पुढे काय झालं ते कळवणार कोण? मास्तरीणबाईंना छापील वाचता येई, लिहिता येत नसे. माझ्या आईवडिलांना दोन्ही येत नसे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना पत्राला सवड नसे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा राही. बातमी नाही म्हणजे वाईटच, असं मी मनात धरून चाललो होतो.

मार्चच्या अखेरीस एक कार्ड आलं. पत्त्यात वसतिगृहाचं नाव नव्हतं, म्हणून ते तीन ठिकाणी फिरून आलं होतं. अक्षर मी पाहताच ओळखलं. मास्तरांनी मला पाटीवर गिरवायला दिलेलं ते अक्षर होतं. ते कार्ड अजून माझ्याजवळ आहे. जसंच्या तसं उतरवतो.

“चि. दानियल यास अनेक आशीर्वाद. चष्मा गेल्या मंगळवारी आला. सर्वांत आधी पवित्र शास्त्र वाचायचे ठरवले होते, परंतु समोर भिंतीवर तुझा कागद दिसला, म्हणून तोच वाचला. शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत. ‘वर्ज्य’ला दोन ठिकाणी य दिलेला नाही. ‘पिणे’ हा शब्द कोठेही नाही, तो पुढच्या रोग्यास लिहून द्यावा. दहापैकी सहा मार्क दिले आहेत. रोज नामदेवकडे जाऊन येतो, ताक पितो. दवाखान्याचा कंपाउंडर आठवड्यातून एकदा नळी उकळतो. रंग आता मी स्वतः पाहतो. तू सांगत होतास, तसाच असतो.”