लालासाहेबांची देणी आणि नाथाजीचा चहा

लालासाहेब घोरपडे एकाहत्तर साली फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि कोरेगावला घरी आले. येताना त्यांनी एक काळी ट्रंक, टोकाला वळवलेल्या मिशा आणि पेन्शनचं पुस्तक आणलं. ट्रंकेत हरणाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ज्वारी भरली. मिशांचं घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण त्या पुस्तकानं बाजारपेठेत जशी कमाल केली, तशी लालासाहेबांनी सतरा वर्षांच्या नोकरीतही केली नव्हती.

पुस्तक खिशातून नुसतं अर्धं वर काढलं की दुकानदार खुर्ची पुढं सरकवायचा. "घ्या की हवालदार, पैसं कुठं पळून चाललेत!" महिन्याला बहात्तर रुपये सरकार न चुकता देतं म्हटल्यावर उधारी द्यायला कोण भिणार? लालासाहेबांनी आधी घड्याळ घेतलं. मग साताऱ्याहून रेडिओ आणला, कारण घड्याळ बरोबर आहे का हे बातम्यांवरून बघायला हवं, असा त्यांचा मुद्दा होता. दोन्ही वस्तू हप्त्यानं. गोदामावर राखणीची नोकरी मिळाली, तिचे नव्वद रुपये येऊ लागले, तेव्हा तर त्यांना आपण संस्थानिक झाल्यासारखंच वाटलं.

संस्थान चार महिन्यांत डबघाईला आलं. हप्ते थकले, रमजान तांबोळीच्या किराणा दुकानातली उधारी चढली, कापडवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. तेव्हा नाथाजी भेटला. नाथाजी व्याजानं पैसे द्यायचा, पण दिसायचा कीर्तनकारासारखा. त्यानं चहा मागवला, चारशे रुपये मोजून दिले, आणि पेन्शनचं पुस्तक "सांभाळायला" ठेवून घेतलं. शेकडा तीन, महिन्याला.

त्यानंतर दर महिन्याला हवालदार नाथाजीकडून पुस्तक घ्यायचे, पोस्टातून पेन्शन आणायचे, बारा रुपये व्याज द्यायचे आणि पुस्तक परत त्याच्याकडं ठेवायचे. प्रत्येक वेळी चहा. "साहेब, सावकाश द्या," नाथाजी म्हणायचा, "मुद्दलाची घाई कुणाला हाय?" एवढा भला माणूस अख्ख्या तालुक्यात नाही, असं लालासाहेबांचं प्रामाणिक मत झालं.

याउलट रमजान. रमजानचा आवाज म्हणजे बैलबाजारातला. लालासाहेब पेठेच्या पार पलीकडच्या टोकाला दिसले तरी तो दुकानातनं ओरडायचा, "ओ हवालदार! शेंगतेलाचं काय?" लोक वळून बघायचे. लालासाहेब मग पेठ सोडून ओढ्याकाठानं घरी जाऊ लागले. एकदा रमजान समोरून येताना दिसला म्हणून ते पिठाच्या गिरणीत शिरले आणि अर्धा तास दळणाच्या रांगेत उभे राहिले. जवळ दळण नव्हतं. बाहेर आले तेव्हा मिशा पांढऱ्याफेक, आणि रमजान दारातच उभा.

"आता म्हातारपणाचं सोंग घेतलंत व्हय?" तो म्हणाला, आणि थेट त्यांच्याबरोबर घरापर्यंत आला.

हरणाबाई अंगणात धुणं वाळत घालत होती. रमजाननं सगळी हकिकत खड्या आवाजात सांगितली. बाकी निघाली शहाऐंशी रुपये.

"एवढंच?" हरणाबाई म्हणाली.

रमजानही जरा गोंधळला. "एवढंच म्हंजे... बारा महिन्यांचं हाय, वहिनी."

"वरती व्याज किती लावलंस?"

"व्याज? तोबा! ते आमी घेत न्हाई. म्हनून तर वरडतो. वरडायलाबी बंदी घातली तर मी काय करायचं?"

हरणाबाईनं त्याला पाणी दिलं, वाटेला लावलं आणि नवऱ्याला पायरीवर बसवलं. ती शाळेत गेली नव्हती, पण गल्लीतल्या अकरा बायकांची भिशी तिच्या तोंडी हिशेबावर चालायची आणि कधी पैचा घोळ नव्हता.

"आवं, दीडशाच्या वर रुपये येत्यात महिन्याला. आन् रमजानचं शहाऐंशी थकत्यात? बाकी जातंय कुठं?"

लालासाहेबांनी मिशांवरचं पीठ झाडत झाडत गेल्या महिन्यापर्यंत चाललेले घड्याळ-रेडिओचे हप्ते सांगितले आणि शेवटी नाथाजीचं नाव घेतलं. त्याच्या चांगुलपणाचंही थोडं वर्णन केलं.

"किती घेतलं हुतं?"

"चारशे."

"कवा?"

"अडीच वर्सं झाली."

"फेडलं किती?"

"फेडलं न्हाई अजून. नुसतं व्याज दिलं. ते येगळं."

हरणाबाईनं बोटांच्या पेरांवर मोजलं. तीस महिने, बारा-बारा. तीनशे साठ रुपये नाथाजीच्या घरात गेले होते आणि चारशे होते तिथंच होते. तिनं हे सांगितलं तेव्हा लालासाहेबांना प्रथम विश्वासच बसेना. त्यांनी स्वतः कागदावर गुणाकार केला. दोनदा केला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. लढाईत गोळी कानाजवळून गेली होती तेव्हाही ते एवढे हबकले नव्हते.

"जो वरडतोय त्याला तुमी भिताय," हरणाबाई म्हणाली, "आन् जो गिळतोय त्याच्याकडं चहा पिताय."

दुसऱ्या दिवसापासून तिनं कारभार हातात घेतला. रेडिओ एकशे ऐंशीला विकला, घड्याळ एकशे दहाला. विकताना हवालदारांनी शेवटची वेळ बघून घेतली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. उरलेले एकशे दहा तिनं आपल्या पाळीच्या भिशीतून घातले. चारशे रुपये रुमालात बांधून दोघं नाथाजीकडं गेली.

नाथाजीनं पैसे बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब, माझं काय चुकलं का?"

"काय बी न्हाई," हरणाबाई म्हणाली. "पुस्तक द्या."

चहा आला नाही.

मग ती नवऱ्याला घेऊन रमजानच्या दुकानी गेली. महिना दहा रुपये ठरले, कापडवाल्याला पंधरा. आणि गिऱ्हाइकांनी भरल्या दुकानात तिनं सांगितलं, "ह्यास्नी आजपासनं उधार दिलं तर ज्यानं दिलं त्याचं बुडालं." लालासाहेब तेलाच्या डब्यांकडं बघत उभे राहिले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पानवालासुद्धा आधी हात पुढं करू लागला, पान नंतर.

ते वर्ष हवालदारांना फार जड गेलं. बाजारात त्यांना पहिल्यांदाच खिसा चाचपून भाव विचारावा लागला, आणि भाव ऐकून ते पुष्कळदा रिकामे परत आले. चिडचिड केली, दोन दिवस अबोलाही धरला. पण हरणाबाईला त्यात शांतता मिळते असं दिसल्यावर सोडून दिला. सगळी देणी पंचाहत्तरच्या दिवाळीआधी फिटली. शेवटचे सहा रुपये रमजाननं घेतले आणि सवयीनं ओरडला, "फिटलं!" पेठेनं वळून बघितलं. लालासाहेबांना ते चक्क आवडलं.

पुढच्या वर्षी हरणाबाईनं सोसायटीतून म्हशीसाठी नऊशे रुपये कर्ज काढायचं ठरवलं, तेव्हा ते ताडकन उभे राहिले. "पुन्हा कर्ज? आगं, तुला याड लागलं का?"

"रेडिओ दूध देत हुता का?" तिनं विचारलं. दुधाचा भाव, पेंडीचा खर्च, हप्ता, सगळं तिनं त्यांना पायरीवर बसवून सांगितलं. म्हैस भाकड राहील ते चार महिनेही तिनं धरले होते. सहीच्या वेळी लालासाहेबांनी पेन एवढा वेळ कागदावर अधांतरी धरलं, की सोसायटीच्या कारकुनानं अंगठा चालेल म्हणून सांगितलं.

म्हैस घरी आली. हप्ता पाच तारखेला असायचा. एक तारखेपासूनच लालासाहेब सकाळी आठला सोसायटीच्या बंद दारासमोर हजर. कारकून दहाला यायचा.

"आवं हवालदार, अजून चार दिस हायत की," तो म्हणायचा.

"असू दे," लालासाहेब म्हणायचे, "तू दार उघड."