मी फक्त उतरती रेषा पाहिली

शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे माहीत नाही. दादाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या वहिनीला तर नाहीच. तुमच्याशी माझी ओळख नाही, कदाचित म्हणूनच लिहिता येतंय. की तेवढीच माझी हिंमत आहे?

माझं काम आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी संभाजीनगरात राहतो. इथून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. आणि माझी नोकरी मात्र बोटींची. चिकलठाण्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. परदेशातल्या श्रीमंत लोकांच्या आलिशान यॉट – त्यांचे जनरेटर, बॅटऱ्या, डिझेलच्या टाक्या, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, तळाशी साचणारं पाणी उपसणारे पंप – हे सगळं आम्ही इथं बसून संगणकावर बघतो. बोटीवरचे सेन्सर आकडे पाठवतात, सॉफ्टवेअर त्यांच्या रेषा काढतं, आणि एखादी रेषा नको तिथं गेली की अलार्म वाजतो. मग आम्ही कप्तानाला कळवतो. मी अशी एक यॉट आयुष्यात एकदाच प्रत्यक्ष पाहिली आहे, तीही धक्क्यावरून.

हे काम माणसाला काय शिकवतं? संशय घ्यायला. आम्हाला त्याचाच पगार मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बोटीचं डिझेल बंदरात उभ्या-उभ्या कमी होताना मला दिसलं. इंजिन बंद, जनरेटर बंद, तरी रेषा खाली. मी कळवलं. बोटीवरचे दोघे डिझेल विकत होते. मालकाची शाबासकी आली, साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तेव्हापासून – खरं सांगतो – मला वाटायला लागलं की माणूस खोटं बोलतो आणि रेषा खरं बोलते.

आता घराचं. घर दादाचं आणि माझं, दोघांनी मिळून बांधलेलं. खाली दादा आणि मंदावहिनी, वर मी, शैला आणि मुलगी. नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ. या गावात पाण्याचा दिवस बघितल्याशिवाय लग्नाची तारीखसुद्धा कुणी धरत नाही. पाणी आलं की खालचा हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्या भरायच्या. एक दादाची, एक आमची. मग ते पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं.

मुलगी शाळेत होती तेव्हाच्या एका उन्हाळ्यात आमची टाकी लवकर संपायला लागली. उन्हाळ्यात सगळ्यांचीच संपते. पण मी साधा विचार करणारा राहिलो होतो का? ऑफिसात बोटीवरून काढलेला एक जुना सेन्सर पडून होता. झाकणाच्या आतून बसवायचा. तो खाली पाण्यावर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात परत येतो यावरून पाणी किती खोल आहे ते सांगतो. मी तो विचारून घरी आणला, टाकीत बसवला आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या यादीत एक नवी बोट घातली. ती बोट म्हणजे आमचं घर. शैला हसली होती. म्हणाली, “आता कप्तान कोण, तुम्ही का मी?”

दोन-चार दिवसांतच अलार्म आला. संध्याकाळी. आमच्या वरच्या घराला तेव्हा कुलूप असायचं – शैला शिकवण्या घ्यायला जायची, मुलगी तिच्याबरोबर, मी ऑफिसात. एकही नळ उघडा नाही आणि टाकी साधारण दोन हंडे उतरलेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

संध्याकाळी गच्चीवर कोण जायचं? वहिनी. शेजारच्या इमारतीची सावली आमच्या गच्चीवर आली, की त्या वाळलेले कपडे काढायला जायच्या. त्याआधी पाय ठेववत नसे इतकी गच्ची तापलेली असायची. तिथं त्यांच्या मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. आणि तो मोगरा मे महिन्यात भरभरून फुललेला होता. मला आणखी काय पुरावा हवा होता?

शैला म्हणाली, “अहो, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी नेतात त्या वर. मी बघते ना रोज.” मी म्हणालो, ते दाखवायला नेतात. असं म्हणालो मी. जिच्याबद्दल म्हणालो ती कोण? मी डिप्लोमाला होतो तेव्हा दादाच्या एका खोलीत राहायचो. माझ्या अंघोळीचं पाणी ही बाई नवी नवरी असताना हापशावरून आणायची, कारण माझी परीक्षा असायची. हे मला त्या दिवशी आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

मग मी वहिनींवर पाळत ठेवायला लागलो. दुसरा शब्द नाही. ऑफिसात बसून, यॉटच्या रेषांमध्ये ती एक खिडकी उघडी ठेवून. सावलीची वेळ झाली की माझं लक्ष तिथं. रेषा वाकली की मनात काहीतरी – आनंदच तो, दुसरं काय म्हणू? – सापडली, असा.

एका रविवारी मी मोबाईल दादासमोर धरला. दादा शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेला, चहा पीत होता. त्याला रेषा कळली नाही, पण धाकटा भाऊ संगणकावर जगाच्या बोटी सांभाळतो याचा त्याला फार अभिमान. तो म्हणाला, “सुन्या, म्हंजे मशीन सांगतंय का हे?” मी म्हणालो, “मशीनच सांगतंय.” वहिनीचं नाव मी घेतलं नाही. फक्त वेळ सांगितली. नाव त्याला घ्यायला लावलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी आधी दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“भावजी, तुमच्या टाकीचं झाकणबी मला उचलत नाय,” त्या म्हणाल्या. “आन् मला पाणी लागलं असतं तर मागितलं नसतं का मी? तुम्हालाच?”

मी मोबाईलकडं बघत राहिलो. जणू उत्तर देणं मोबाईलचं काम होतं.

त्यानंतर मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. वहिनी कपडे खाली बोळात वाळत घालायला लागल्या. मोगरा गेला. आणि अलार्म? तो येतच राहिला. इथं तरी मी थांबायला हवं होतं, नाही? कुलूप आहे, तरी रेषा उतरतेय – शहाण्या माणसानं दुसरीकडं बघितलं असतं. मी ठरवलं, त्यांच्याकडं दुसरी किल्ली आहे. किल्लीवाल्याकडं जाऊन वहिनींचं वर्णन करून विचारून आलो की अशा जाड बाईनं किल्ली करून नेली का. किल्लीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, “साब, बाई जाड हय के पतली, मैं किल्ली देखता.”

जूनमध्ये दादानं शेंद्र्याला दोन खोल्या घेतल्या. कारण सांगितलं की कारखाना जवळ पडतो. सामान टेम्पोत चढवताना वहिनींनी रिकाम्या कुंड्या नेल्या नाहीत. आणि ते गेले त्याच सुमारास आभाळ भरून आलं, ऊन गेलं – आणि अलार्म बंद झाला. पूर्ण बंद. बघ, मी शैलाला म्हणालो. बघा, मी मामांना म्हणालो, मावशीला म्हणालो. मला कुणी विचारलं नसतानाही म्हणालो. नातेवाइकांत मग ते झालंच – मंदाचा हात जरा तसा आहे म्हणे.

आता खरं सांगायचं ते.

पुढच्या उन्हाळ्यात आमची एक यॉट दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढून कुठल्याशा गरम देशात जमिनीवर उभी केली होती. तिच्या पाण्याच्या टाकीचे अलार्म यायला लागले. रोज तिथल्या संध्याकाळी. माझ्या शेजारच्या टेबलावर नाझिया बसते, जुन्या शहरातली, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. तिनं कप्तानाला विचारलं, आणि खुर्ची माझ्याकडं फिरवून हसायला लागली.

“सर, कप्तान बोलतोय टाकी धुऊन कोरडी करून ठेवलीय. आता रिकाम्या टाकीतून पाणी चोरतंय कोण? जिन्न?”

मीही हसलो असेन. मग आम्ही सगळ्या दिवसाची रेषा उघडली. अलार्मपुरती नाही, सगळी. दुपारी रिकाम्या टाकीत पाणी हळूहळू चढत होतं. संध्याकाळी उतरत होतं. बोट समुद्रात असते तेव्हा तिचं पोट थंड असतं. उन्हात उभी केली की टाकीतली हवा तापते. तापलेल्या हवेत आवाज जलद जातो, प्रतिध्वनी लवकर परत येतो, आणि सेन्सरला वाटतं पाणी वर आलंय. सावली पडली, हवा निवली, की त्याला वाटतं पाणी खाली गेलं. पाणी कुठंच गेलेलं नसतं. सेटिंगमध्ये तापमानाच्या दुरुस्तीसाठी एक चौकोन असतो. तो आमच्याकडून कोरा राहिला होता.

नाझिया पुढं काहीतरी बोलत होती. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आमची गच्ची होती. काळी टाकी. शेजारच्या इमारतीची सावली. त्या सावलीनं रेषा उतरायची. आणि त्याच सावलीची वाट बघून वहिनी कपडे काढायला जायच्या.

नाझिया घरी गेल्यावर मी आमच्या घराची जुनी रेषा काढली. सगळं होतं तिथं. रोज दुपारी मोटर न लावता टाकी चढत होती. त्या उन्हाळ्यात रोज. पण चढण्यासाठी मी अलार्म लावलाच नव्हता. पाणी वाढलं म्हणून कुणावर संशय घ्यायचा असतो का? मी फक्त उतरती रेषा पाहिली होती. टाकी लवकर संपत होती, कारण उन्हाळा होता आणि आम्ही पाणी वापरत होतो. बस.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. यॉटच्या मालकाला माफीचा मेल लिहिला. चुकीच्या अलार्मबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी. ज्याचं तोंड मी कधी बघितलं नाही, ज्याला त्रास म्हणून काहीही झाला नव्हता, त्याला माफी त्याच दिवशी गेली. मग मी यादीतून ती दुसरी बोट काढून टाकली. आमचं घर. रेषांसकट. सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हणालो. घरी येऊन टाकीतला सेन्सर काढला. शैलानं विचारलं तर म्हणालो, बिघडला.

शेंद्रा इथून किती लांब आहे? जालना रोडला लागलं की पोहोचतोच. त्यानंतर मी कितीदा त्या रस्त्यानं गेलो. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि गाडी वळवली. वर्षं गेली. आधी वाटायचं, आता सांगितलं तर दादा काय म्हणेल. मग वाटायला लागलं, इतक्या उशिरा सांगितलं तर काय म्हणेल. भीती तीच, फक्त कारण बदलत गेलं.

गेल्या महिन्यात मुलीचा साखरपुडा झाला. घरीच, गच्चीवर मांडव घालून. दादा-वहिनी आले. वहिनींचे गुडघे आता दुखतात. मुलीनं हात धरून त्यांना वर आणलं. त्या खुर्चीवर बसल्या, टाक्यांकडं पाठ करून. शैला पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होती. त्यांच्यासमोर ट्रे धरला, तशी त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

“राहू दे गं. हाय माझ्यापाशी.”

रागानं नाही. चष्मा काढावा तशी सहज. मला तेव्हा कळलं की त्या दरवेळी असंच करतात. एवढ्या वर्षांत आमच्या घरात त्या घोटभर पाणी प्यायलेल्या नाहीत, आणि मी – ज्याला बोटीवरचं पेलाभर पाणी कमी झालेलं इथं बसून कळतं – मला ते दिसलं नव्हतं.

दादाला थट्टेची हुक्की आली होती. आजूबाजूला मामा, मावशी, व्याही, सगळे. तो म्हणाला, “पी की घोटभर. का सुन्याच्या मोबाईलला कळंल म्हणून भ्यालीस?”

सगळे हसले. वहिनीही जराशा हसल्या, पदराचं टोक तोंडाला लावून. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा सांगता आलं असतं – तिथंच, सगळ्यांसमोर, ज्यांना ज्यांना मी खोटं सांगितलं होतं त्या सगळ्यांसमोर.

मी हसलो.